थिरथिरा आमच्या गल्लीत का आला?

दसरा-दिवाळीच्या सुमारास महाराष्ट्राच्या पठारावर जे हिवाळी पाहुणे उतरतात, त्यांत थिरथिरा नावाचा एक लहानसा पक्षी असतो. आकाराने साधारण चिमणीएवढा. नराचे डोके, पाठ व छाती काळी आणि पोट व शेपटी विटकरी-नारिंगी. मादी मातकट तपकिरी, पण शेपटीचा रंग तिचाही तोच. बसल्याबसल्या पक्षी एकदम खाली झुकतो, पुन्हा ताठ होतो आणि त्याच वेळी त्याची शेपटी हुडहुडी भरल्यासारखी थरथरते. मराठी नाव या थरथरण्यावरून पडले. शास्त्रीय नाव फिनिक्युरस ऑक्रुरॉस. त्यातील पहिल्या ग्रीक शब्दाचा अर्थ लाल शेपटीचा. कोणत्याही भाषेतले नाव घ्या, लक्ष शेपटीकडेच जाते.

शाळेच्या आवारात हा पक्षी ओळखताना घोटाळा होतो तो चीरकाशी. चीरकही काळा, तेवढाच आणि जमिनीवर वावरणारा. पण चीरक आपल्याकडे बारा महिने राहतो, तो शेपटी पाठीवर उभी धरतो आणि त्याचा तांबडा रंग फक्त शेपटीच्या बुडाखाली असतो. थिरथिऱ्याची शेपटी अशी उभी नसते. आणि तो उडाला की मागे ठिणगी उडावी तसा नारिंगी रंग चमकतो. एवढा फरक लक्षात राहिला की दुर्बिणीवाचूनही काम भागते.

पुण्यात वेताळ टेकडीवर, विशेषतः जुन्या दगडखाणीच्या बाजूला, थिरथिरा हिवाळ्यात भेटतो. आमची वसाहत कोथरूडची, टेकडीच्या पायथ्यापासून फार तर एक किलोमीटरवर. आंबा, जांभूळ, कडुनिंब, बूच अशी चांगली वाढलेली झाडे, चार-पाच जुने बंगले, बाकी तीन मजली इमारती. २०१८ पासून आम्ही वसाहतीतील पक्ष्यांची वही ठेवतो. हिवाळ्यात झाडांवर माशीमार येतात, वटवट्ये येतात, कधी हळद्याही येतो. थिरथिरा मात्र पाच हिवाळ्यांत एकदाही आला नव्हता. टेकडीवर जाऊन तो केव्हाही पाहता आला असता. पण आपल्या गल्लीत, आपल्या खिडकीतून तो दिसावा, ही हौस काही वेगळीच असते. पक्षी पाहणाऱ्यांना ती समजावून सांगावी लागत नाही आणि इतरांना समजावून सांगता येत नाही.

रविवार, २९ ऑक्टोबर २०२३ रोजी सकाळी साडेसातला तो आला. नर होता. गल्लीच्या टोकाचा बंगला त्याच उन्हाळ्यात पुनर्विकासासाठी पाडला होता आणि पुढचे काम थांबले होते. विटांचे ढीग, उपटलेल्या फरश्या, अर्धी उरलेली कुंपणभिंत आणि पावसाळ्यात उगवून आता वाळत आलेले गवत, अशा त्या जागी एका ढिगाच्या टोकावर बसून तो शेपटी थरथरवीत होता. मधूनच खाली झेप घेई, काहीतरी टिपी आणि पुन्हा त्याच विटेवर येऊन बसे. वही घेऊन आम्ही गेटाशी उभे राहिलो, तेव्हा शेजारची नववीतली मुलगीही आली. तिने बराच वेळ पाहिले आणि विचारले, “पण बंगला पाडल्याचं ह्याला कुणी सांगितलं?”

हा लेख या प्रश्नाचे उत्तर आहे. प्रश्न वाटतो तेवढा बालिश नाही.

थंडी नव्हे, भूक

आपल्याकडे येणारे थिरथिरे हिमालयाच्या उंच भागातून आणि तिबेट व मध्य आशियातून येतात. लडाखमध्ये उन्हाळ्यात तो घरांच्या आणि शेतांच्या दगडी भिंतींवर सहज दिसतो. तीन हजार मीटरच्या वर, जिथे झाडे विरळ होत जातात आणि दगडच दगड असतात, तिथे भिंतीच्या किंवा खडकाच्या कपारीत त्याचे घरटे असते. लेह ते पुणे हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी पावणेदोन हजार किलोमीटर भरते. पक्ष्याचे वजन सुमारे पंधरा ग्रॅम. एकेक रुपयाची चार-पाच नाणी तळहातावर ठेवून विद्यार्थ्यांना हे वजन जोखायला सांगावे, म्हणजे या प्रवासाची कल्पना आकड्यांपेक्षा लवकर येते. त्यातून हे पक्षी बहुधा रात्री उडतात आणि दिवसा उतरून पोट भरतात.

तो थंडीला भिऊन येतो, असे पाठ्यपुस्तकी उत्तर आपण सर्वांनीच कधीतरी दिलेले असते. पिसांचे पांघरूण चांगले असते. पोटात पुरेसे अन्न असेल तर लहान पक्षीही कडाक्याची थंडी काढतो. अडचण अन्नाची असते. थिरथिऱ्याचा मुख्य आहार म्हणजे मुंग्या, भुंगेरे, कोळी आणि इतर लहान किडे. जमीन गोठली, बर्फ पडले की हे सर्व दिसेनासे होतात. शिवाय शरीर जितके लहान तितके त्याचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने जास्त, म्हणजे उष्णता निसटायला वाट जास्त. लहान पक्ष्याला रात्र काढण्यासाठी रोजच्या रोज इंधन भरावे लागते, आणि लडाखमध्ये डिसेंबरात दिवस दहा तासांहूनही लहान असतो.

मग पुण्यासारख्या उबदार, किड्यांनी भरलेल्या मुलखात आल्यावर तो परत तरी कशाला जातो? याचेही उत्तर पुष्कळसे दिवसाच्या लांबीत आहे. जूनअखेर पुण्यात दिवस सव्वातेरा तासांचा, तर लेहला तो साडेचौदा तासांच्या आसपास असतो. पिलांना किडे भरवण्यासाठी रोज सव्वा तास जास्त मिळतो. बर्फ वितळल्यावर तिथे किड्यांचा अचानक सुकाळ होतो आणि तो खाणारे वाटेकरी मात्र आपल्याकडच्या मानाने थोडे असतात. पिले वाढवायला ती जागा उत्तम, हिवाळा काढायला ही. दोन्हींचा फायदा घ्यायचा तर दरवर्षी दोनदा ही पायपीट, किंवा पंखपीट म्हणा, करावी लागते.

निघण्याची वेळ कशी कळते, हे शोधण्यासाठी झालेला एक प्रयोग वर्गात जरूर सांगण्यासारखा आहे. १९२० च्या दशकात कॅनडातील अल्बर्टा येथे विल्यम रोवन यांनी जंको नावाचे चिमणीएवढे पक्षी पकडून उघड्यावरील पिंजऱ्यात ठेवले. काही पिंजऱ्यांत संध्याकाळी विजेचे दिवे लावून ते रोज थोडा थोडा दिवस वाढवत गेले. बाहेर हाडे गोठवणारी थंडी होती. तरीही दिवे लावलेल्या पक्ष्यांच्या प्रजननग्रंथी भर हिवाळ्यात वसंत ऋतूइतक्या वाढल्या. दिवे नसलेल्यांच्या वाढल्या नाहीत. म्हणजे पक्षी ऋतू ओळखतात ते हवेच्या उबेवरून नव्हे, तर मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून. हे शहाणपणाचेच आहे. हवा एखाद्या वर्षी फसवील, सूर्य फसवीत नाही. पुढे एबरहार्ड ग्विनर या जर्मन शास्त्रज्ञांनी काही स्थलांतरी वटवट्ये बारा तास उजेड व बारा तास अंधार अशा न बदलणाऱ्या दिवसात ठेवून पाहिले. तरीही पिसे गळणे आणि प्रवासाच्या मोसमात रात्री बेचैन होणे, हे त्यांचे चक्र अंदाजे वर्षभराच्या अंतराने चालूच राहिले. तेव्हा शरीरात एक दिनदर्शिका असते, आणि दिवसाची लांबी ती वेळेवर लावून देते.

जागा कोण ठरवते?

आता त्या मुलीचा प्रश्न. दिशा कळणे आणि जागा कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्या प्रयोगाने दाखवले तो आमच्या मते पक्षिशास्त्रातील सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी आहे. करणारे होते हॉलंडचे ए. सी. पेर्डेक, आणि त्यांचे निष्कर्ष १९५८ साली प्रसिद्ध झाले. पक्षी होता आपल्या भोरड्यांचा युरोपातील जातभाई. ज्वारीच्या हंगामात भोरड्यांचे थवे पाहिलेल्यांना त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको.

हे युरोपी पक्षी शरद ऋतूत बाल्टिक समुद्राकडून हॉलंडवरून जातात आणि उत्तर फ्रान्स व दक्षिण इंग्लंड येथे हिवाळा काढतात. पेर्डेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेगजवळ असे सुमारे अकरा हजार पक्षी पकडले, त्यांच्या पायांत क्रमांक घातलेली वाळी अडकवली, त्यांना विमानाने स्वित्झर्लंडला नेले आणि सोडून दिले. म्हणजे त्यांना वाटेवरून उचलून कित्येक शे किलोमीटर आग्नेयेला ठेवले. नंतर ज्यांची वाळी पुन्हा हाती लागली, अशा साडेतीनशेच्या आसपास पक्ष्यांची ठिकाणे नकाशावर मांडली. ज्यांनी पूर्वी हा प्रवास केला होता असे प्रौढ पक्षी वायव्येकडे वळले होते आणि आपल्या नेहमीच्या हिवाळी मुलखाकडे निघाले होते. आयुष्यातला पहिलाच प्रवास करणारी पिले मात्र हॉलंडहून ज्या दिशेने गेली असती त्याच दिशेने स्वित्झर्लंडहून सरळ गेली, आणि दक्षिण फ्रान्स व स्पेनमध्ये पोचली.

याचा अर्थ असा, की पिलाला वारशाने दिशा मिळते आणि अंदाजे किती दिवस उडायचे ते मिळते; गावाचा पत्ता मिळत नाही. तो त्याला पहिल्या हिवाळ्यात स्वतः मिळवावा लागतो. आणि एकदा मिळाला की तो पक्का बसतो, कारण स्पेनला पोचलेल्या त्या पिलांपैकी काही पुढील हिवाळ्यांत पुन्हा तिकडेच सापडली. चुकून पडलेले बिऱ्हाड त्यांच्यापुरते कायमचे झाले होते.

दिशा वारशाने येते, याचा पुरावा पुढे दुसऱ्या वाटेनेही मिळाला. युरोपातील ब्लॅककॅप या वटवट्याच्या जातीतले काही पक्षी शरदात नैर्ऋत्येला जातात, तर काही आग्नेयेला. आंद्रेआस हेल्बिग यांनी १९९१ साली दाखवले की अशा दोन गटांच्या संकरातून झालेली पिले पिंजऱ्यात या दोहोंच्या मधली, म्हणजे जवळजवळ दक्षिणेची दिशा धरतात.

तेव्हा बंगला पाडल्याचे थिरथिऱ्याला कोणी सांगितले नाही. दर शरदात पहिल्यांदाच निघालेले तरुण पक्षी दख्खनच्या पठारावर विखरून उतरतात. टेकडीवरच्या चांगल्या जागा आधीच्या पक्ष्यांनी धरलेल्या असतात, कारण थिरथिरा हिवाळ्यातही एकेकटा राहतो आणि आपली हद्द राखतो. उरलेल्यांना जागा शोधत फिरावे लागते. आमच्या वसाहतीवरूनही पूर्वी असे पक्षी गेले असतील, खाली उतरूनही पाहिले असेल. राहावे असे त्यांना काही दिसले नसेल, इतकेच.

थिरथिऱ्याला काय दिसते?

आम्हाला गल्लीत हिरवळ दिसत होती आणि पक्ष्यांसाठी जागा चांगली आहे असे वाटत होते. पक्षी म्हटले की झाडे, हे समीकरण आपल्या मनात फार घट्ट आहे. पण थिरथिरा झाडांचा पक्षी नाही. त्याला हवे असतात खडक, कपारी, उघडी जमीन, मधूनमधून विरळ गवत आणि टेहळणीसाठी हात-दोन हात उंचीच्या जागा. हे वर्णन लडाखच्या उतारालाही लागू पडते, वेताळ टेकडीच्या खाणीलाही आणि पाडलेल्या बंगल्यालाही. शहर आणि रान हा भेद आपला आहे; थिरथिऱ्याच्या लेखी विटांचा ढीग हाही खडकच.

याचे जगातले सर्वांत नावाजलेले उदाहरण लंडनचे आहे. युरोपात थिरथिरा पूर्वीपासून घरांच्या भिंतींत राहतो. जर्मन लोक तर त्याला हाउसरोटश्वान्त्स, म्हणजे घरचा लालशेपट्या, म्हणतात. इंग्लंडमध्ये मात्र तो घरटे करणारा पक्षी म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत अगदी दुर्मिळ होता. १९४० सालच्या सप्टेंबरात जर्मनीने लंडनवर बाँबवर्षाव सुरू केला आणि शहराचे मोठमोठे भाग उद्ध्वस्त झाले. त्या ढिगाऱ्यांवर रानफुले उगवली, किडे आले, आणि त्यांच्यापाठोपाठ थिरथिरा आला. ऐन युद्धात, भग्न भिंतींच्या कपाऱ्यांत, त्याची घरटी सापडू लागली. युद्धानंतर शहर पुन्हा बांधले गेले तशा त्याच्या जागा आक्रसत गेल्या, आणि तो वीजकेंद्रे, रेल्वेची यार्डे, ओस गोद्या अशा ठिकाणी सरकला. विसावे शतक संपता संपता त्याही जागांवर इमारती येऊ लागल्या, तेव्हा तिथे एक नामी युक्ती निघाली. नव्या इमारतींच्या सपाट छतांवर मुद्दाम विटांचा चुरा, खडी आणि थोडी माती पसरायची, त्यात आपोआप येईल ते गवत येऊ द्यायचे, आणि जमिनीवर गेलेली जागा छतावर परत द्यायची. अशी छते लंडनमध्ये आज आहेत, आणि ती करण्यामागे बऱ्याच अंशी हा एक पक्षी होता.

यावरून राडारोडा चांगला आणि बाग वाईट, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्या बंगल्याच्या आवारात दोन जुनी आंब्याची झाडे होती. त्यांवर दर हिवाळ्यात येणारा माशीमार त्या वर्षी आमच्या वहीत नाही. एकाचे घर गेले तेव्हा दुसऱ्याला जागा मिळाली. खरी अडचण पुढची आहे. इमारत पुरी झाली की खाली तळघरात गाड्या, वर अंगणभर पेव्हर ब्लॉक आणि कडेने कुंड्या. तिथे माशीमारालाही काही नसेल आणि थिरथिऱ्यालाही. दोन पेव्हर ब्लॉकांमधल्या फटीत जेवढ्या मुंग्या मावतील, तेवढ्यावर हिवाळा निघत नाही.

आणि इथेच पेर्डेक यांचा प्रयोग जिव्हाळ्याचा होतो. आमचा थिरथिरा २० मार्च २०२४ पर्यंत गल्लीत होता. त्यानंतर तो दिसला नाही. लहान पक्ष्यांत दरवर्षी निम्म्याच्या आसपास प्रौढ मरतात, हे धरले तरी तो परत येण्याची शक्यता चांगली होती; आणि आला असता तर तो नवी जागा शोधणारा राहिला नसता. त्याचा पत्ता आता ठरलेला होता. तो बरोबर त्या ढिगाकडे आला असता.

वहीतली रिकामी ओळ

प्रयोगशाळेत आमचा विषय अगदी वेगळा आहे, पण तिथली एक सवय इथे उपयोगी पडते. एका मापनावर कोणी निष्कर्ष उभारीत नाही. बंगला पडला आणि थिरथिरा आला, यात कार्यकारणसंबंध आहे असे आम्हाला वाटते. पण त्या वर्षी हिमालयात पिले जास्त वाढली असतील, म्हणून जागा शोधणारे पक्षीही जास्त असतील, अशीही शक्यता आहे. हे तपासायचे तर एक गल्ली पुरणार नाही. पाडलेले बंगले, खाणी, बागा, फरसबंद आवारे अशा निरनिराळ्या जागांच्या बऱ्याच वह्या लागतील, आणि त्या अनेक वर्षांच्या लागतील. असे काम पगारी शास्त्रज्ञांच्या आवाक्यातले नाही. शाळांच्या आवाक्यातले मात्र आहे.

आपल्या देशात २००७ साली मायग्रंटवॉच नावाचा उपक्रम सुरू झाला होता. हिवाळी पाहुणा आपल्याकडे प्रथम कोणत्या तारखेला दिसला आणि शेवटी कोणत्या, एवढेच लोकांनी कळवायचे होते. आता अशा नोंदी ई-बर्ड या संकेतस्थळावर करतात. पण सुरुवात कागदी वहीनेच करावी. सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाटेने पंधरा मिनिटे चालायचे. मुले जे दिसले ते उत्साहाने लिहितात. जे दिसले नाही ते लिहीत नाहीत, आणि सगळी गंमत तिथेच आहे. “आज थिरथिरा नाही” ही ओळ नसेल तर पक्षी नव्हता की पाहणारा नव्हता, हे नंतर सांगता येत नाही. आमच्या वहीत पाच हिवाळ्यांच्या अशा रिकाम्या वाटणाऱ्या ओळी आहेत. त्या होत्या म्हणूनच २९ ऑक्टोबरच्या नोंदीला अर्थ आला. दहावीच्या पुढच्या विद्यार्थ्यांनी त्याच वहीत दिनदर्शिकेतील सूर्योदय-सूर्यास्तावरून दिवसाची लांबी मांडावी, म्हणजे पाहुणे येण्या-जाण्याच्या तारखा आणि तो आलेख शेजारी ठेवून पाहता येतील.

त्या जागेचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. २०२४ च्या पावसाळ्यानंतर पायासाठी खोदकाम सुरू झाले आणि ढीग उचलले गेले. २७ ऑक्टोबरला एक नर थिरथिरा उरलेल्या कुंपणभिंतीवर दिसला. त्याच्या पायात वाळे नव्हते, तेव्हा तो तोच होता असे शपथेवर सांगता येणार नाही. पण बसण्याची जागा भिंतीच्या त्याच कोपऱ्यावर होती. चार दिवस तो तिथे राहिला. पाचव्या दिवशी भिंतही गेली. नंतर आठवड्याभराने नववीतून आता दहावीत गेलेल्या त्या मुलीला तो शेजारच्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर सापडला. तिथे पाण्याच्या टाकीमागे वर्षानुवर्षांची मोडकी कौले आणि माती साठली आहे आणि त्यात गवत उगवते. मार्चपर्यंत तो तिथेच होता.

त्या इमारतीचाही पुनर्विकास आता ठरला आहे. नव्या गच्चीवर सौर पट्ट्यांखालची जागा खडी, विटांचा चुरा आणि चार बोटे माती टाकून मोकळी ठेवावी, अशी विनंती आम्ही रहिवाशांच्या सभेत केली. वास्तुरचनाकाराने भाराचा हिशेब करून हरकत नसल्याचे सांगितले. सभासदांचीही थिरथिऱ्याबद्दल तक्रार नाही. गच्ची गळली तर खर्च कोणी करायचा, एवढाच मुद्दा पुढच्या सभेवर ठेवला आहे.